किल्ली कोणाकडे राहणार?

युगांडाची राजधानी कंपाला इथल्या एका मराठी कुटुंबाच्या पत्राला हे उत्तर आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही वीस-बावीस घरं मिळून मसाकाजवळच्या एका खेड्यात वाचनालय काढायचं म्हणतो. दोन हजार पुस्तकं जमली आहेत, त्यातली बरीचशी आमच्या मुलांची जुनी इंग्रजी पुस्तकं. आणखी पुस्तकं पुण्याहून कंटेनरने येऊ शकतील. इमारतीपुरते पैसे आहेत. तुम्ही त्या भागात बरीच वर्षं ग्रंथालयांचं काम केलंत. गावात वाचनसंस्कृती रुजवायची तर सुरुवात कुठून करायची? आणि किती वर्षं लागतील?"

कंटेनर आत्ताच ठरवू नका. इमारतीचा नकाशाही थोडे दिवस बाजूला ठेवा. तुमची तळमळ खरी आहे म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिते आहे. गावातल्या पहिल्या बैठकीत मी नेहमी दोन प्रश्न विचारत असे. वाचनालयाची किल्ली कोणाकडे राहणार? आणि त्या माणसाला दरमहा किती पैसे मिळणार, कुठून मिळणार? या दोन प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर बाकी सगळं तयार असूनही वाचनालय वर्ष-दीड वर्षात बंद पडतं. मी ते बंद पडताना पाहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

युगांडातल्या माझ्या पहिल्या वर्षी मी एका प्राथमिक शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने कपाट उघडून दाखवलं. आत चारेकशे पुस्तकं, निम्मी तर प्लास्टिकच्या वेष्टनातच. देणगी येऊन तीन वर्षं झाली होती. मुलांना का देत नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "एक जरी हरवलं तरी जाब मला द्यावा लागतो." त्यांचं चुकत नव्हतं. पुस्तक जपलं तर त्यांना कोणी बोलणार नव्हतं, वाचायला दिलं आणि फाटलं तर मात्र बोलणार होतं. अशा व्यवस्थेत कोणीही शहाणा माणूस कुलूपच लावेल. तेव्हापासून मी एक नियम करून टाकला. पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवतानाच समितीच्या ठरावात लिहून घ्यायचं की दर शंभरातली दहा हरवतील, फाटतील, पावसात भिजतील किंवा कोणाला इतकी आवडतील की परत येणार नाहीत, आणि याबद्दल कोणालाही दोष दिला जाणार नाही. हा एक ठराव झाला की ग्रंथपालाचा हात मोकळा होतो. माझ्या अनुभवात त्यानंतर पुस्तकं उलट कमीच हरवतात, कारण ती सतत कोणाच्या तरी हातात असतात आणि कोणाच्या हातात आहेत ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

तुमच्या गावापासून फार लांब नाही असं एक ठिकाण आधी जाऊन बघा: कितेंगेसा. मसाका शहराजवळचं साधं खेडं, कॉफीच्या आणि केळीच्या बागांमधलं. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिकवणाऱ्या भाषाभ्यासक केट पॅरी यांनी १९९९ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळेत एका पेटीभर पुस्तकांनी काम सुरू केलं. खरोखर एक पेटी. त्या पेटीतली पुस्तकं कोण नेतं, कोणती परत येतात, कशाला मागणी आहे हे कळल्यावर मगच इमारतीचा विचार झाला. संयुक्त राष्ट्रांचे काही कर्मचारी आपल्या पगारातला एक टक्का बाजूला काढून विकासकामांना देतात, त्या निधीतून मदत मिळाली आणि २००२ मध्ये वाचनालयाला स्वतःची इमारत मिळाली. हा क्रम लक्षात ठेवा: आधी पेटी, मग वाचक, मग भिंती.

कितेंगेसात मला सर्वांत मोलाची वाटली ती विद्यार्थी-मदतनिसांची पद्धत. माध्यमिक शाळेतल्या काही मुलामुलींना वाचनालयात काम करण्याच्या बदल्यात शाळेची फी मिळते. तिकडे फी भरता न आल्याने शाळा सुटणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे हे काम गावात मानाचं ठरतं. ही मुलं देवघेव सांभाळतात, लहानांना वाचून दाखवतात, आणि घरी गेल्यावर आईला, आजीला, शेजाऱ्यांना वाचनालयाबद्दल सांगतात. बाहेरून आलेल्या माणसाने वाचनाचं महत्त्व सांगणं आणि शेजारच्या घरातल्या मुलीने संध्याकाळी चुलीजवळ बसून गोष्ट वाचणं यात फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट दिव्याची. कंपालाहून मसाकाला जाताना कायाब्वेला विषुववृत्त ओलांडता, तिथे सगळे फोटो काढतात. त्या रेषेचा वाचनालयाशी जवळचा संबंध आहे. तिथे वर्षभर संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडतो, उन्हाळ्यातसुद्धा दिवस मोठा होत नाही. शाळा सुटून, पाणी भरून, जनावरं बांधून मूल मोकळं होतं तेव्हा उजेड संपत आलेला असतो. घरी रॉकेलची ढणढणती चिमणी, तीही सगळ्या घराला एक. कितेंगेसाच्या छपरावर सौर पत्रे बसवले आणि अंधार पडल्यावरचे तास वाचकांना मिळाले. माझं मत विचाराल तर इमारतीतला प्रत्येक अनावश्यक खर्च कापा, पण चांगले दिवे आणि चांगली बॅटरी यांत काटकसर करू नका. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. बॅटरी मेली म्हणून अंधारात गेलेली वाचनालयं मी पाहिली आहेत.

आता पुस्तकांकडे येते. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

तुमच्या दोन हजार पुस्तकांतली किती त्या गावातल्या नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येतील? युगांडात २००७ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिली ते तिसरी शिक्षण स्थानिक भाषेत होतं, तुमच्या गावात म्हणजे लुगांडात. चौथी हे सांधेबदलाचं वर्ष, आणि पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे मुलाला अक्षरं जुळवण्याची गोडी लागते न लागते तोच रस्ता बदलतो. अशा वेळी त्याच्या हातात लंडनच्या किंवा पुण्याच्या घरातलं इंग्रजी पुस्तक दिलं, ज्यात बर्फ आहे, नाताळचा मोजा आहे, भुयारी रेल्वे आहे, तर शब्दही परका आणि शब्दामागची वस्तूही परकी. मूल पानं उलटतं, चित्रं बघतं, पुस्तक ठेवून देतं. आपण म्हणतो, यांना वाचनाची आवड नाही. आवड लागायला जे लागतं ते आपण दिलेलंच नसतं.

योहानेस गेब्रेगिओर्गिस हे इथिओपियाचे, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागात काम करत होते. जगभरच्या भाषांतली मुलांची पुस्तकं तिथे होती, इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतलं एकही नव्हतं. त्या एका रिकाम्या जागेपासून त्यांचं पुढचं काम सुरू झालं. १९९८ मध्ये त्यांनी इथिओपियातल्या मुलांसाठी संस्था काढली, अम्हारिक-इंग्रजी अशी दुभाषी पुस्तकं छापली, २००३ मध्ये अदिस अबाबात मुलांचं वाचनालय उघडलं, आणि पुढे अवासा भागात गाढवाच्या गाडीवरून पुस्तकं नेली. गाढवाची गाडी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्या गाडीत काय होतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं: मुलाच्या आईला समजेल असं पुस्तक.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. गावातले आईबाप तुम्हाला सांगतील की आम्हाला इंग्रजी हवं. सातवीच्या शेवटी प्राथमिक शालान्त परीक्षा असते, ती इंग्रजीत, आणि पुढची सगळी दारं तिथून उघडतात. त्यांची ही मागणी रास्त आहे. तिच्याशी भांडणारी परदेशी मंडळी मी पाहिली, मला ते पटलं नाही. दोन्ही भाषा एकाच फळीवर ठेवा. एकच गोष्ट डाव्या पानावर लुगांडात आणि उजव्या पानावर इंग्रजीत असली तर आजीही वाचते, नातूही वाचतो, आणि नातवाला इंग्रजी अडलं की आजीकडे वळता येतं. मसाका-राकाई हा भाग १९८० च्या दशकात एड्सने फार पोळला. मधली पिढी गेली आणि पुष्कळ मुलं आजीच्या हाताखाली वाढली. त्या भागात 'पालक' म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर आधी आजी येते. आजीला बाहेर ठेवणारं पुस्तक तिथे अर्धंच काम करतं.

लुगांडातली मुलांची पुस्तकं बाजारात थोडी आहेत, पण आहेत. ती कंपालातच विकत घ्या, म्हणजे तिथला प्रकाशक आणि लेखकही जगतो. उरलेली भर दोन मार्गांनी घालता येते. पहिला मार्ग मुक्त परवान्याच्या गोष्टींचा. जोहान्सबर्गच्या 'साइडे' या संस्थेने २०१४ मध्ये 'आफ्रिकन स्टोरीबुक' सुरू केलं. दोनशेहून अधिक भाषांतल्या छोट्या गोष्टी तिथे मोफत मिळतात, लुगांडातल्याही. त्या छापायला, वाटायला, भाषांतर करायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून अशाच परवान्यावर चालतं, आणि या दोन ठिकाणांमध्ये गोष्टींची ये-जा असते. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या पोरीची गोष्ट मराठीत येते, मराठी मुलाच्या ओळखीची गोष्ट तिकडे जाते. तुमच्या घरांतली जी मुलं मराठी आणि इंग्रजी दोन्ही जाणतात आणि कंपालाच्या शाळेत लुगांडा बोलणाऱ्या मित्रांबरोबर वाढताहेत, त्यांना त्या मित्रांसोबत बसवून एकेक गोष्ट लुगांडात आणायला सांगा. मग ती गावातल्या शिक्षकाकडून तपासून घ्या. तुमच्याकडून जाऊ शकणारी ही सर्वांत चांगली पुस्तकं असतील.

दुसरा मार्ग गावातच पुस्तक करण्याचा. बुर्किना फासोत बेरेबा या गावी २००१ मध्ये एक खेड्यातलं वाचनालय सुरू झालं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मायकेल केवान आणि वर सांगितलेल्या केट पॅरी यांच्या संस्थेचं ते पहिलं काम. तिकडे शाळा फ्रेंचमध्ये चालते आणि घरी वेगळी भाषा. त्या लोकांनी पुढे जवळच्या हूंदे गावातून साध्या छायाचित्रांची छोटी पुस्तकं करायला सुरुवात केली: बाजार, गुरं, सण, स्वयंपाक, खाली दोन-तीन ओळी. घानात कॅथी नोल्स या कॅनडाच्या बाईंनी अक्रामधल्या आपल्या बागेत सहा मुलांना गोष्टी वाचून दाखवण्यापासून सुरुवात केली. १९९२ मध्ये जहाजावरच्या एका जुन्या कंटेनरमध्ये मुलांचं वाचनालय उभं राहिलं, आणि त्यांनीही तिथल्याच मुलांच्या छायाचित्रांची पुस्तकं काढली. आपल्या गल्लीतलं मूल पुस्तकात दिसलं की पुस्तकाकडे बघायची नजर बदलते. मी एका गावात केळीच्या मद्याची कृती सांगणारं बारा पानी पुस्तक गावकऱ्यांकडून करून घेतलं होतं. छपाई काळी-पांढरी, कागद साधा. वर्षभरात त्याच्या तीन प्रती झिजल्या, कारण प्रत्येकाला कृतीत चूक काढायची होती आणि त्यासाठी ती वाचायला लागत होती.

"आफ्रिकेत परंपरा बोलण्या-ऐकण्याची, म्हणून वाचन रुजत नाही," हे वाक्य तुमच्या कानावर नक्की येईल. मला ते मान्य नाही. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली गोष्ट सांगणारा "पाउक्वा!" म्हणतो आणि ऐकणारे "पाकावा!" म्हणून साथ देतात, तेव्हाच गोष्ट सुरू होते. मसाका ज्यात येतं त्या बुगांडा प्रदेशात ससोबा वाकायिमाच्या लबाड्या पोरांना तोंडपाठ असतात. ज्या समाजाला गोष्ट ऐकायचा असा सराव आहे त्याला वाचनाकडे नेणं सोपं आहे, फक्त दार ऐकण्याच्या बाजूने उघडायला हवं. म्हणून वाचनालयातली शांतता हा नियम मी पहिल्या दोन वर्षांसाठी तरी काढून टाकते. दर शनिवारी दुपारी मोठ्याने वाचन. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, मध्ये बोलणार, हसणार, शेवट बदला म्हणणार. झांबियात 'लुबुटो' वाचनालयांनी इमारतीच तिथल्या 'इन्साका'सारख्या बांधल्या. इन्साका म्हणजे गावात सगळे जमून बोलतात ती छपरी, आपल्याकडच्या पारासारखी. ज्या घडणीत माणसं आधीपासून ऐकत आली तिथेच पुस्तक आणून ठेवलं, हे मला फार भावलं.

मोठी माणसं काय वाचतात याचीही नीट दखल घ्या. लोक आधीच वाचत असतात: फोनवरचे निरोप, पैसे आल्याचा संदेश, बायबल किंवा कुराण, औषधाच्या पाकिटावरचा कागद, कॉफीच्या भावाचा फलक. लुगांडातलं 'बुकेड्डे' हे दैनिक रोज ठेवा, शिळं चालेल पण रोज. माझ्या वाचनालयांतून कादंबरीपेक्षा ते दहा पट हाताळलं गेलं आहे. मसाका हा रोबस्टा कॉफीचा भाग. कॉफीच्या मर रोगाबद्दल आणि केळीच्या जिवाणूजन्य मर रोगाबद्दल लुगांडातली पत्रकं कृषिखात्याकडून मिळतात, ती आणून लावा. ज्या पुरुषाने शाळा सोडल्यावर पुस्तक हातात धरलेलं नाही तो आपल्या बागेतलं पिवळं पडलेलं पान घेऊन येतो आणि पत्रकातल्या चित्राशी ताडून बघतो. तिथून पुढे तो काय वाचेल हे ग्रंथपालाच्या बोलण्यावर आहे.

मुलींचा वेळ हा वेगळा विषय आहे. वाचनालय सकाळी दहा ते पाच उघडं ठेवलं तर तिथे मोकळे पुरुष आणि शाळेतले मुलगे दिसतील, मुली दिसणार नाहीत. मुलगी त्या वेळी शाळेत, नाहीतर विहिरीवर, नाहीतर धाकट्या भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी. तीन गोष्टींनी फरक पडतो. कडेवरच्या मुलासकट आत येऊ द्या, त्याच्यासाठी एक चटई आणि चार जाड पुठ्ठ्याची पुस्तकं ठेवा. घरी पुस्तक नेण्यावर बंधन घालू नका, अनामत तर अजिबात घेऊ नका. आणि रविवारी प्रार्थना सुटल्यावर दोन तास उघडा, कारण त्या वेळी बायका आणि मुली चांगल्या कपड्यांत रस्त्यावर असतात आणि त्यांना घाई नसते. हे वेळापत्रक तुम्ही कंपालात बसून करू नका, गावातल्या तीन बायकांना विचारा.

उंट आणि गाढवं यांवरून पुस्तकं फिरवण्याबद्दलही तुम्ही पत्रात विचारलंय. केनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने १९९६ मध्ये गारिसा भागात उंटावरचं फिरतं वाचनालय सुरू केलं. झिंबाब्वेत न्कायी जिल्ह्यात गाढवांच्या गाड्या फिरतात. गारिसात ते योग्यच आहे, कारण तिथले लोक गुरांमागे फिरतात, वाचनालयानेही फिरायला हवं. तुमचं गाव जागचं हलत नाही. तुम्हाला बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या मागे बांधलेली एक पत्र्याची पेटी पुरे. ती आठवड्यातून एकदा शेजारच्या दोन गावांत जाऊ दे.

आता पैसा. ग्रंथालयतज्ज्ञ डायना रोझेनबर्ग यांनी १९९३ मध्ये आफ्रिकेतल्या ग्रामीण वाचन-माहिती केंद्रांचा आढावा घेतला होता. त्यांना दिसलेलं चित्र असं: सुरुवातीला मोठा उत्साह, भरपूर वापर, आणि बाहेरचा पैसा आटला की झपाट्याने उतरण. माझा अनुभव याहून वेगळा नाही. बोट्सवानात १९८६ पासून सरकारने खेड्यांत वाचनखोल्या काढल्या, नव्याने साक्षर झालेल्या प्रौढांनी पुन्हा अक्षर विसरू नये म्हणून. चांगला विचार. पण त्सवाना भाषेतलं साहित्य कमी पडलं आणि खोल्या हळूहळू शाळकरी मुलांच्या गृहपाठाच्या जागा झाल्या. गृहपाठाला जागा मिळणंही मोलाचंच, पण ज्यांच्यासाठी हे केलं ते प्रौढ वाचक निसटले.

म्हणून माझा आग्रह असा की इमारतीचे तुमचे पैसे अर्धे करा. अर्धे ग्रंथपालाच्या मानधनासाठी ठेव म्हणून ठेवा, किमान पाच वर्षांचं मानधन त्यात बसेल असं. ग्रंथपाल गावचाच हवा, शक्यतो गावचीच हवी, बारावीपर्यंत शिकलेली. तिला प्रशिक्षण मिळू शकतं. २००७ मध्ये 'युगांडा कम्युनिटी लायब्ररीज असोसिएशन' ही अशा वाचनालयांची संघटना उभी राहिली आहे, तिचं सभासद व्हा. एकटं वाचनालय खचतं; दहा वाचनालयांच्या ग्रंथपाल वर्षातून दोनदा भेटल्या तर एकमेकींकडून शिकतात आणि टिकतात. स्वयंसेवकावर चालवू असं म्हणू नका. गरीब गावात विनामोबदला रोज चार तास देणं हे एखाद्या तरुण माणसाकडून मागायला जड जातं. त्याला कुठे रोजगार मिळाला की तो जाईल, आणि त्याने जायलाच हवं.

फोन चार्ज करून देणे, झेरॉक्स, लग्नकार्याला खुर्च्या भाड्याने देणे, यातून थोडी मिळकत होते. ती बॅटरी आणि वर्तमानपत्राला पुरते, पगाराला पुरत नाही. पगार त्यातून काढायला गेलं की ग्रंथपाल दुकान सांभाळायला लागते आणि शनिवारचं वाचन आधी बुडतं.

जमिनीचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नका. बुगांडात 'मायलो' जमीन आहे, ब्रिटिश आणि बुगांडा यांच्यातल्या १९०० च्या करारातून आलेली. जमिनीचा मालक एक आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर राहणारा 'किबांजा'धारक दुसरा, असा दुहेरी हक्क असतो. कोणी मोठ्या मनाने "इथे बांधा" म्हणतो, तोंडी. तो गेल्यावर मुलं म्हणतात, आमची जमीन. मी ज्या एका वाचनालयासाठी चार वर्षं राबले त्याच्या भिंती अशाच वादात अडकल्या आणि पुस्तकं पुन्हा पेट्यांत गेली. तेव्हा मालक आणि किबांजाधारक दोघांच्याही सह्या, एलसी वनच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिषदेच्या अध्यक्षांचा शिक्का, आणि वाचनालयाची जिल्ह्याकडे सामुदायिक संस्था म्हणून नोंदणी, एवढं झाल्याशिवाय पहिली वीट लावू नका. विटा मात्र गावाकडूनच घ्या. 'बुलुंगी ब्वान्सी' म्हणून सगळ्यांनी मिळून गावाचं काम करण्याची तिथे जुनी रीत आहे. भाजलेल्या विटा, वाळू, पाणी, अंगमेहनत हे गावाने द्यायचं, सिमेंट-पत्रा तुम्ही. पत्र्याखाली छत जरूर घाला, नाहीतर पाऊस सुरू झाला की मोठ्याने वाचणाऱ्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, आणि तिकडे वर्षातून दोन पावसाळे असतात. फळ्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि पाय लोखंडी करा. वाळवी एका सुट्टीत अख्खी रांग संपवते.

किती वर्षं लागतील, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिल्या महिन्यात गर्दी होईल, तिच्यावरून काही ठरवू नका. तिसऱ्या वर्षी मी दोन वह्या बघते. एक देवघेवीची: तेच नाव पुन्हा पुन्हा दिसतं का, आणि शाळा सोडून गेलेल्यांची नावं त्यात आहेत का. दुसरी वही बहुतेक ठिकाणी नसतेच, ती मी मुद्दाम घालायला लावते. तिचं नाव 'मागितलं पण नव्हतं'. कोणी काय मागितलं, तारीख, बस. एका गावात त्या वहीत पहिलं वर्षभर फक्त जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. दुसऱ्या वर्षी सुईणकामाबद्दल, डुकरांच्या आजारांबद्दल, वारसाहक्काच्या कायद्याबद्दल नोंदी आल्या. चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईने तिच्या लहानपणी ऐकलेली वाकायिमाची एक गोष्ट छापलेली आहे का, असं विचारलं होतं. नव्हती. मग ग्रंथपालाने तिच्याकडूनच ती सांगवून घेतली आणि लिहून काढली.

तुमच्या दोन हजार पुस्तकांचं असं करा. दोन शिक्षक आणि दोन माध्यमिक शाळेतल्या मुली यांना कंपालात बोलवा, प्रवासखर्च द्या, आणि ढिगातून त्यांना हवी ती पुस्तकं निवडू द्या. त्यांनी दोनशे उचलली तर दोनशेच न्या. विज्ञानाची, आरोग्याची, चित्रांची, शब्दकोश, नकाशे ते नक्की घेतील. उरलेली कंपालातल्या शाळांना द्या. पुण्याचा कंटेनर नको. त्या भाड्यात लुगांडातली किती पुस्तकं येतात याचा हिशोब करून बघा.

आणि डिसेंबर-जानेवारीच्या लांब सुट्टीत, मुलं घरी असतात तेव्हा, चाळीस-पन्नास पुस्तकांची एक पेटी घेऊन गावात जा. तीन शनिवार आंब्याखाली बसा. कॅमेरा नेऊ नका, फलक लावू नका, भाषणं नकोत. वाचून दाखवा, वाचायला द्या, नावं लिहा. तिसऱ्या शनिवारी निघताना पेटी गावातच ठेवायची आहे असं सांगा, आणि ती कोणाच्या घरी ठेवायची ते गावाला ठरवू द्या. जिथे दिवसभर माणसांची वर्दळ असते, जिथे पोरं न घाबरता शिरतात, असं एखादं घर ते सांगतील. बहुधा ते एखाद्या आजीचं असेल. पुढच्या पत्रात मला तिच्याबद्दल लिहा.